शिकण्यासाठी रजा

दिवसभर राबून आलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसला, की घटकाभरात त्याची मान पेंगू लागते. रात्रशाळेत शिकवलेल्या प्रत्येक मास्तराने हे पाहिले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, कारण दिवस धन्याचा होता. गरिबाच्या हाती उरत होती ती रात्रच. मग कामाच्या वेळातलाच थोडा वेळ विद्येला का मिळू नये?

विलायतेत हा झगडा जुना आहे. तिथल्या १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील ९ ते १३ वर्षांच्या मुलांना रोज २ तास शाळा सक्तीची केली. १८४४ साली अर्धा दिवस काम, अर्धा दिवस शाळा अशी वाटणी झाली. पण पहाटेपासून यंत्रापाशी उभे राहिलेले पोर दुपारी वर्गात काय शिकणार? १९१८ च्या कायद्याने ही पद्धत मोडीत काढली. शिक्षणमंत्री फिशर यांनी त्याच कायद्यात, कामाला लागलेल्या मुलांसाठी वर्षाला ३२० तासांची दिवसाची शाळा योजली. पण लगेच सरकारी काटकसर आली आणि योजना बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

पुढे १९७४ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी शैक्षणिक रजेचा करार मंजूर केला. ब्रिटनमध्ये मोठ्या माणसांना या बाबतीत नवा हक्क मिळाला तो एप्रिल २०१० मध्ये. ज्या मालकाकडे २५० किंवा अधिक माणसे आहेत, तिथे २६ आठवडे नोकरी झालेला कामगार शिकण्यासाठी वेळ मागू शकतो. मागणी लेखी करायची. मालकाने ती मान्य करावी, नाहीतर २८ दिवसांत त्याला भेटून बोलावे. नकार द्यायचा, तर कायद्यात सांगितलेल्या कारणांपैकीच कारण द्यावे लागते. मात्र त्या वेळेचा पगार देण्याचे बंधन मालकावर नाही. लहान कारखान्यांतला कामगार तर या हक्काबाहेरच राहिला.

कोणी म्हणेल, हा नुसता मागण्याचा हक्क, त्यात पोट कसे भरणार? आक्षेप खरा आहे. पगार बुडवून शिकणे गरिबाला परवडत नाही. तरीही पूर्वी मालकाच्या मर्जीवर सोडलेल्या गोष्टीला आता कारणासह उत्तर द्यावे लागते, ही पुढची पायरी खरीच. शिक्षकबंधूंनो, आपल्या रात्रीच्या वर्गात उद्या कोणी पेंगला, तर त्याला रागे भरण्याआधी एवढे विचारा: “बाबा, आज कामावरून किती वाजता सुटलास?”