लेणे पाहायला जाण्यापूर्वी

लेणी जुनी आहेत; पण ती 'आपली' आहेत या जाणिवेने त्यांच्या पायऱ्या चढणारी माणसे नवी आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी पंढरीची वारी केली असेल, जेजुरी केली असेल, गावोगावच्या जत्रांत वेशीबाहेर उतरून नवस फेडले असतील; परंतु बौद्ध लेणे पाहण्यासाठी म्हणून घरातून भाकरी बांधून कोणी निघाले नव्हते. हा प्रवास 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या आयुष्यात आला. म्हणून सहलीचा बेत आखणे हे आपल्यासाठी केवळ गाडीचे वेळापत्रक पाहणे नव्हे. आपण कोठे जातो, कोणत्या क्रमाने जातो आणि तेथे काय वाचतो, यावर आपण कोणता इतिहास स्वीकारतो हे ठरते.

येत्या हिवाळ्यात पालघर, बोईसर आणि तारापूर या परिसरातल्या आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन कान्हेरीला जाण्याचे घाटते आहे. मुले बौद्धवाड्यांतली आहेत, वारली, कातकरी आणि मल्हार कोळी पाड्यांवरची आहेत, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोटासाठी परप्रांतातून आलेल्या कामगारांचीही आहेत. बेत निघाला तेव्हा बहुतेकांनी अजिंठ्याचे नाव घेतले. पाठ्यपुस्तकात चित्र असते ते अजिंठ्याचे. परंतु अजिंठ्याची जी लेणी जगाला ठाऊक आहेत ती मुख्यतः पाचव्या शतकातील वाकाटक राजवटीच्या वैभवाची आहेत. सोळा क्रमांकाचे लेणे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरवले. ते सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण पहिल्यांदा लेण्यात पाऊल टाकणाऱ्या मुलाने आधी मंत्र्याचे दान पाहावे की लोहाराचे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कान्हेरीत लोहाराचे दान आहे. शिवाय ते आपल्या लोकलच्या मार्गावर आहे.

बेत आखण्याची गोष्ट निघाली की मला 1934 सालचा एक बेत आठवतो. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर प्रवासाला जायचे ठरवले. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे त्यात पक्के होते. तीसेक माणसे, भाड्याच्या बसगाड्या आणि मोटारी, नाशिकहून येवला, तेथून औरंगाबादकडे. आज आपणही असाच बेत आखतो. एका बाबतीत मात्र तो निराळा होता. त्यांनी आपला कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला आडगावी ज्या अडचणींना तोंड द्यावे लागते त्या टाळण्यासाठी, मुक्कामाच्या ठिकाणची आपली माणसे सोडून कोणालाही कळवले नव्हते. बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस स्वतःच्या देशात लेणे पाहायला निघतो आणि त्याला ओळख लपवून जावे लागते! दौलताबादच्या किल्ल्याबाहेर भरलेले टाके होते. धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी त्या पाण्याने हातपाय धुतले. लगेच टाके बाटवल्याचा आरडाओरडा झाला. अखेर किल्ला पाहू दिला तो या अटीवर की आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला सोबत शस्त्रधारी शिपाई देण्यात आला.

महाडचा सत्याग्रह 1927 चा. त्यानंतर सात वर्षांनी, दुसऱ्या राजवटीत, दुसऱ्या धर्माच्या माणसांकडून हे घडले. बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत लिहून ठेवली. ती पुस्तिका म्हणून 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली. आमच्या बसणाऱ्या-उठणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लेणे पाहण्याआधी ती वाचलेली असावी, ही सहलीची पहिली अट आहे.

कारण कान्हेरीला गेल्यावर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ते पाणी. शंभराहून अधिक लेण्यांचा हा डोंगर. आणि बहुतेक प्रत्येक निवासाला लागून खडकात खोदलेले टाके. चार महिन्यांचा पाऊस डोंगरउतारावर कोरलेल्या चरांतून या टाक्यांत उतरवायचा आणि उरलेले आठ महिने तो पुरवायचा, अशी ही व्यवस्था. जव्हार-मोखाड्याकडे धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण होते, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. त्यांनी या चरांचा उतार बोटाने मोजून पाहावा. टाक्याला शिलालेखात 'पोढी' म्हणतात. एक पोढी कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दिली. कल्याणच्याच नद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिली. सोपाऱ्याचा नागपालित नावाचा मणिकारही दात्यांत आहे. कल्याण, सोपारा, चेऊल, नाशिक अशा गावांची नावे या खडकावर आहेत. हे दान बहुधा 'चातुदिस' म्हणजे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलेले असते. चारी दिशांकडून येणाऱ्याला पाणी, आणि येणाऱ्याची जात विचारायची सोय त्या शब्दात नाही. दौलताबादचे टाके आणि कान्हेरीची पोढी ही दोन्ही दगडातच खोदलेली आहेत. मधल्या काळात दगड बदलला नाही; पाण्याकाठची माणसे बदलली. ती का बदलली, हा आपल्या इतिहासाचा खरा प्रश्न आहे.

कान्हेरीच्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ. स. 1009 आणि 1021 मधले. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. हजार वर्षांपूर्वी परक्या भूमीतून आलेले, वेगळ्या धर्माचे लोक उघडपणे येतात, नावानिशी नोंद करून जातात. आणि नऊ शतकांनी याच भूमीच्या लेकरांना नाव लपवून निघावे लागते. जातीने या देशाचे काय केले, हे समजायला एवढी दोन दृश्ये पुरेत.

कान्हेरीच्या आधी मुलांना नालासोपाऱ्याला उतरवायचे आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्यामुळे सोपारा आता आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा 1882 मध्ये मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला. धर्मांतराच्या वर्षीच हे घडले, हा योगायोग. त्याला योगायोगापेक्षा अधिक काही म्हणू नये. 1882 मध्येच भगवानलाल इंद्रजींनी तेथील विटांचा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. त्यात भिक्षापात्राचे समजले जाणारे तुकडे. सोबत आठ बुद्धमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. याच राजाचे नाव कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातल्या, म्हणजे मोठ्या चैत्यगृहातल्या लेखात आहे. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

परंतु मला त्या सोन्याच्या करंडकापेक्षा त्या टेकाडाचे नाव अधिक बोलके वाटते. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपे विणणारा, ज्याला गावगाड्याने शिवेबाहेर ठेवले, जो आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. स्तूप विसरला गेला, बुद्ध विसरला गेला, आणि त्या उंचवट्यावर लोकस्मृतीने एका बुरुडाला राजा करून बसवले. यावरून बुरुडांचे राज्य होते असे सिद्ध होत नाही, आणि आपण तसे म्हणूही नये. इतर ठिकाणी लेण्यांना पांडवांची म्हटले गेले. येथे मात्र बुरुडाचे नाव राहिले. या फरकाचा शोध आपल्या तरुण अभ्यासकांनी घ्यावा.

सोपाऱ्याशी आणखी एक नाव जोडलेले आहे, पूर्ण. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथातल्या कथेप्रमाणे तो सोपाऱ्याच्या भव नावाच्या व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. बापाच्या मागे वाटणी झाली तेव्हा सावत्र भावांनी त्याला वारसदार मानले नाही. दासीपुत्र म्हणून त्याची गणना मालमत्तेतच झाली. पुढे तो स्वतःच्या कर्तृत्वाने समुद्रव्यापारी झाला, आणि मग सर्व सोडून भिक्षू झाला. पालीतल्या 'पुण्णोवाद सुत्ता'त बुद्ध त्याला विचारतात की तू जाणार त्या सुनापरान्तातले लोक उग्र आहेत. ते शिव्या देतील, दगड मारतील, जीवही घेतील, तेव्हा काय करशील? प्रत्येक वेळी तो त्यापुढच्या अधिक वाईटाशी तुलना करून शांतपणे उत्तर देतो आणि जातो. आमच्या समुद्रकिनाऱ्यावरचा पहिला धम्मप्रचारक परंपरेने दासीचा मुलगा सांगितला आहे, ही गोष्ट आमच्या वर्गातल्या मुलांना कोणी सांगितली नव्हती.

येथे थांबून एक इशारा द्यायला हवा. लेण्यांचा काळ हा समतेचा सुवर्णकाळ होता, असे भाबडे चित्र आपण रंगवू लागलो तर प्रस्थापितांच्या सुवर्णयुगाची नक्कल होईल. ज्या संघात पूर्ण गेला, त्याच संघाच्या विनयात दासाला आणि कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. मालकाने आणि सावकाराने हक्क सांगितला की संघालाही माघार घ्यावी लागली. नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख पाहा. त्याने डहाणुका, दमणा, पारदा, तापी या नद्यांवर फुकट तरी चालू केल्या; म्हणजे आमच्या डहाणूचे नाव जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे. त्याने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि त्यांच्या खर्चासाठी 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 पाऊण टक्क्याने. भिक्षूचे चीवर विणकराने भरलेल्या व्याजातून येत होते. आणि हाच उषवदात ब्राह्मणांना गाई आणि गावेही देत होता. राजसत्ता दोन्ही हातांनी दान करते, ती कोणत्याही एका धर्माची नसते. पुढे राजाश्रय आणि व्यापार आटले तसे विहार ओस पडले. लोहार-सोनारांचे दान कायम राहण्याएवढी मुळे गावागावांत रुजली नव्हती काय, हेही आपण विचारले पाहिजे. बाबासाहेबांनी दीक्षा लाखोंच्या समुदायाला दिली, ती भिक्षूंपुरती ठेवली नाही. त्यामागे हा इतिहास होता असे मी समजतो.

आणि पाथरवट? कान्हेरीच्या चैत्यलेखात गजसेन आणि गजमित या दात्या भावांची नावे येतात. काम करणाऱ्यांत 'सेलवढकी' म्हणजे दगड घडवणारे यांचा धंद्याने उल्लेख येतो. धंदा कळतो, माणसे कळत नाहीत. तारापूरच्या कारखान्यांच्या पाट्यांवर कंपनीचे नाव असते. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीच्या कागदावर, तेही कधी असते कधी नसते. ज्या मुलाचा बाप त्या वसाहतीत पाळीला जातो, त्याला चैत्यगृहाचे खांब कोणी घासले हा प्रश्न आपोआप सुचावा. सुचला नाही तर शिक्षकाने सुचवावा.

म्हणून आमचा बेत असा आहे. सोमवार टाळायचा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. पहाटेच्या डहाणू-विरार गाडीने निघायचे. ती 2013 पासून आहे, त्याआधी हा पल्ला एवढा सोपा नव्हता. आधी सोपाऱ्याचा स्तूप, मग बोरिवली. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेण्यांपर्यंतच्या वाटेवर मुलांना हेही सांगायचे की या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. 1997 च्या न्यायालयीन आदेशानंतर उद्यानातल्या झोपड्या हटवल्या गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या आदिवासींनाही आपण अतिक्रमण करणारे नाही हे सिद्ध करावे लागले. आमच्या वारली मुलांसाठी कान्हेरी हे बौद्धांचे स्थळ म्हणून परके राहता कामा नये. त्या जंगलाचे ते वारसदार आहेत.

जाण्याआधी तीन आठवडे रोज अर्धा तास ब्राह्मी अक्षरे गिरवायची. 1837 मध्ये प्रिन्सेपने ती वाचली, तेव्हापासून ती कोणाच्या मक्त्याची राहिलेली नाहीत. डेक्कन कॉलेजने 1991 मध्ये शोभना गोखले यांचे कान्हेरीच्या शिलालेखांवरचे पुस्तक काढले, ते ग्रंथालयातून मिळवून समोर ठेवायचे. प्रत्येकाने एक नाव शोधून वहीत उतरवायचे, राजाचे नव्हे, कारागिराचे किंवा व्यापाऱ्याचे. 'लेण' हा शब्द त्या दगडावर आहे आणि आपल्या तोंडातही आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. ज्यांना वंदना घ्यायची त्यांनी ती घ्यावी. परंतु मेणबत्ती लावून आणि छायाचित्र काढून परतणारी सहल आम्हाला नको आहे. भिंतीवर कोणी स्वतःचे नाव लिहायचे नाही. नाव लिहायला वही आहे.

आणि एक गोष्ट मुद्दाम करायची. बेत पूर्ण जाहीर करायचा. महाविद्यालयाच्या फलकावर, कोणत्या गाडीने जाणार, कोणत्या पायरीवर बसून जेवणार, सगळे ठळक अक्षरांत लिहायचे. खाली मुलांची नावे, आडनावांसकट. 1934 मध्ये तीस माणसांना जे लपवावे लागले, ते आमच्या मुलांनी स्वतःच्या हाताने फलकावर लिहावे.