जागेनुसार पारख : अमेरिकी फुटबॉलमधील ड्राफ्ट आणि त्याचे संगणकीय प्रतिरूप

अमेरिकी फुटबॉलच्या व्यवस्थापनावर आधारित संगणकीय खेळांत वापरकर्ता मैदानावर चेंडू खेळवत नाही. तो संघाचा कारभार पाहतो, करार करतो, आणि दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या नवख्या खेळाडूंमधून आपल्याला हवे ते वेचतो. या वेचणीला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलच्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते, आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली येते. पाळी आल्यावर कोणाचे नाव घ्यायचे, हे ठरवताना खेळाडू किती चांगला आहे एवढे पाहून भागत नाही, तर तो कोणत्या जागेवर खेळणार आणि त्या जागेसाठी कोणते गुण मोजायचे, हेही पाहावे लागते. संगणकीय खेळांतील गुणपत्रके ही जागांची विभागणी नैसर्गिक असल्यासारखी मांडतात. प्रत्यक्षात ती नियमांच्या, पैशाच्या आणि काही अंशी पूर्वग्रहांच्या दीर्घ घडामोडींतून आकाराला आली आहे.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडली. बलाढ्य संघ चांगले खेळाडू पळवतात आणि दुबळे संघ अधिकच दुबळे होत जातात, ही त्यांची तक्रार होती, आणि स्वतःचाच संघ तळाला असल्याने तिच्यात स्वार्थही होता. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ संघांचे प्रतिनिधी बसले, सुमारे ९० नावे फळ्यावर लिहिली गेली आणि नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू वाटून घेण्यात आले. पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे होते. तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही, कारण त्या काळी या धंद्यातला मोबदला सुशिक्षित तरुणाने भविष्य पणाला लावावे इतका नव्हता. फळ्यावरच्या नावांमागे फारशी छाननी नव्हती. वृत्तपत्रांनी जाहीर केलेले मानाचे संघ, ओळखीच्या प्रशिक्षकांची पत्रे आणि ऐकीव माहिती यांवर बहुतेकांचे भागत असे. न्यूयॉर्क जायंट्सचे वेलिंग्टन मारा यांनी परगावची वृत्तपत्रे आणि मासिके मागवून खेळाडूंची टिपणे ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तेवढ्यानेही त्यांचा संघ इतरांच्या पुढे गेला.

या सुरुवातीच्या काळात जागेचा प्रश्न आजच्या अर्थाने उभाच नव्हता. त्या वेळच्या नियमांनुसार खेळाडू बदलण्यावर कडक बंधने असल्याने तेच अकरा जण आक्रमणातही असत आणि बचावातही, त्यामुळे एकाच माणसाला धडक देणे, अडवणे, पळणे आणि पकडणे सगळे जमावे लागे. व्यावसायिक लीगने १९५० मध्ये अमर्याद बदलीला कायमची मुभा दिली आणि आक्रमणाचे अकरा निराळे व बचावाचे अकरा निराळे झाले. महाविद्यालयीन फुटबॉलने मात्र १९५३ मध्ये उलट पाऊल टाकून बदलीवर पुन्हा निर्बंध आणले, ते पुढे टप्प्याटप्प्याने सैल होत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकले. याचा परिणाम असा झाला की दशकभर महाविद्यालये अष्टपैलू खेळाडू घडवत राहिली आणि व्यावसायिक संघांना विशेषज्ञ हवे होते. समोर दिसणारा मुलगा आज काय करतो यापेक्षा उद्या कोणत्या जागेवर बसेल, हे ओळखणे ही पारख करणाऱ्याची खरी कसोटी बनली, आणि जागेनुसार गुण मांडण्याची सवय याच पेचातून रुजली असे मानायला जागा आहे.

पारख करणाऱ्याला, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणाऱ्याला, अमेरिकेत स्काउट म्हणतात. लॉस एंजेलिस रॅम्सचे मालक डॅन रीव्ह्ज यांनी एडी कोटाल यांना या कामासाठी पूर्णवेळ नेमले, तेव्हा इतर संघ हे काम साहाय्यक प्रशिक्षकांकडून सवडीने उरकून घेत होते. मोठ्या विद्यापीठांपलीकडे कोणी फिरकत नसलेल्या काळात रॅम्सने १९४९ मध्ये ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीय महाविद्यालयातून टँक यंगर याला करारबद्ध केले. एकाही संघाने त्याचे नाव ड्राफ्टमध्ये घेतले नव्हते. क्लीव्हलंडमध्ये प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी मोजमापाची शिस्त आणली. बुद्धिमापन चाचण्या आणि चाळीस यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची, धाव वेळ लावून मोजणे ही त्यांची देणगी मानली जाते. पंट, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत उडवून देणे, साधारण तेवढे अंतर कापतो आणि तितके अंतर धावून त्याचा पाठलाग करावा लागतो, हे या आकड्यामागचे कारण सांगितले जाते. पुढे ही धाव सर्वच जागांच्या खेळाडूंना लावण्यात आली. वास्तविक आघाडीच्या फळीतील अवजड खेळाडूला एका डावात चाळीस यार्ड सरळ धावण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि म्हणूनच जाणकार त्याच्या बाबतीत पहिल्या दहा यार्डांची वेळ निराळी काढून पाहतात.

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वळण डॅलस काउबॉइज या संघाने घडवले, आणि त्याचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आयबीएमची गणकयंत्रे निकाल जुळवताना पाहिली होती. खेळाडूंची निवड करताना प्रशिक्षकांच्या आवडीनिवडी आड येतात, त्या यंत्राने बाजूला काढता येतील का, असा विचार त्यांच्या मनात आला. आयबीएमच्या सेवाशाखेत काम करणारे भारतीय संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्याकडे हे काम आले. कुरेशी क्रिकेट जाणत होते, अमेरिकी फुटबॉल त्यांना ठाऊक नव्हता. आणि काउबॉइजच्या प्रशिक्षकांना संगणक ठाऊक नव्हता. पहिली अडचण गणिताची नव्हती, भाषेची होती. एक स्काउट ज्याला ‘चपळ’ म्हणे त्याला दुसरा ‘बरा’ म्हणे, आणि दोघांचेही शब्द यंत्राच्या उपयोगाचे नव्हते. मग गुणांच्या शेकडो शीर्षकांची छाटणी करून चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, चुरस, बौद्धिक तल्लखता, आणि ताकद व उसळी अशी पाच सामायिक अंगे ठरवण्यात आली, आणि स्काउटने प्रत्येकास १ ते ९ या मापावर अंक द्यावा अशी पद्धत पडली.

या पद्धतीने काउबॉइजसाठी खेळाडू निवडणाऱ्या गिल ब्रँट यांना इतरांना न दिसणारे खेळाडू दिसू लागले, असा या संघाचा लौकिक झाला. १९६४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सातव्या फेरीत धावपटू बॉब हेज याला घेतले, ज्याने त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक मिळवले, आणि दहाव्या फेरीत नौदलाशी बांधील असलेल्या रॉजर स्टॉबॅकला घेऊन १९६९ पर्यंत वाट पाहिली. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. अर्थात याचे सगळे श्रेय यंत्राला देणे भाबडेपणाचे ठरेल. स्टॉबॅकचे कौशल्य सर्वांना दिसत होते, काउबॉइजपाशी थांबण्याची तयारी होती.

अंकांची ही पद्धत सर्वत्र पसरली, तरी ती निःपक्षपाती नव्हती. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन प्रत्येक चाल चालवणारा सूत्रधार, या जागेसाठी तल्लखता आणि नेतृत्व हे गुण आवश्यक मानले जात, आणि ते कृष्णवर्णीय तरुणांत नसतात असे गृहीत धरून महाविद्यालयात क्वार्टरबॅक असलेल्या मुलांना चेंडू झेलणारा किंवा बचावफळीतला खेळाडू म्हणून नोंदवण्याचा प्रघात होता. मार्लिन ब्रिस्को याला १९६८ मध्ये डेन्व्हरने चौदाव्या फेरीत बचावपटू म्हणून घेतले. त्याच हंगामात त्याने क्वार्टरबॅक म्हणून यश मिळवले, तरी पुढच्या वर्षी ती जागा त्याला मिळाली नाही आणि तो बफेलोत चेंडू झेलणारा बनला. वॉरन मून याचे नाव १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नाही, तो कॅनडात खेळला, आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये बसला. २०१८ मध्येही लमार जॅक्सन या महाविद्यालयीन क्वार्टरबॅकने जागा बदलावी असे जाणते लोक जाहीरपणे सुचवत होते. बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीच्या शेवटच्या, बत्तिसाव्या पाळीला क्वार्टरबॅक म्हणूनच घेतले आणि पुढच्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दरम्यान ड्राफ्टआधी उमेदवारांना तपासण्यासाठी स्वतंत्रपणे चाललेल्या चाचणी शिबिरांचे एकत्रीकरण १९८५ मध्ये झाले आणि १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरू लागले. मुळात या मेळाव्याचा हेतू वैद्यकीय तपासणीचा होता, म्हणजे प्रत्येक संघाने त्याच गुडघ्याचे निराळे क्ष-किरण चित्र काढू नये एवढ्यासाठी. धाव, उडी आणि २२५ पौंडांचे वजन जास्तीत जास्त वेळा उचलणे या चाचण्या लोकांना आवडल्या आणि त्याच मुख्य झाल्या. त्यांची भूल किती पडू शकते, हे १९८९ च्या ड्राफ्टने दाखवले. टोनी मँडरिच या प्रचंड देहाच्या टॅकलला, म्हणजे आघाडीच्या फळीत क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्याला, ग्रीन बे पॅकर्सने दुसऱ्या पाळीला घेतले आणि तो त्यांच्याकडे टिकला नाही. त्या वर्षीच्या पहिल्या पाच जणांतील उरलेले चौघे, ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स, हॉल ऑफ फेममध्ये आहेत. उलट २००० मध्ये चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद घेणारा टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ व्या पाळीपर्यंत पडून राहिला.

जागांचे मोल मात्र शिबिरांत ठरले नाही. ते नियमपुस्तकात आणि हिशेबाच्या वहीत ठरले. १९७८ च्या नियमबदलाने बचावपटूला पाच यार्डांपलीकडे झेलणाऱ्याला रोखण्यास मनाई झाली आणि टॅकलला हात पसरून अडवण्याची मुभा मिळाली, त्यामुळे फेकीचा खेळ फोफावला. न्यूयॉर्कच्या लॉरेन्स टेलरने बाजूने झेपावून क्वार्टरबॅकला लोळवण्याचे जे तंत्र रूढ केले, त्याची किंमत नोव्हेंबर १९८५ मध्ये जो थाइझमनच्या मोडलेल्या पायाने सर्व देशाला दूरचित्रवाणीवर कळली, आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याची न दिसणारी बाजू सांभाळणारा डावा टॅकल महाग झाला. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, तेव्हा एका जागेवर केलेला खर्च दुसऱ्या जागेवरून कापावा लागू लागला. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचे मोल असेच घसरत गेले. या जागेचा खेळाडू पहिल्या पाळीला शेवटचा घेतला गेला तो १९९५ मध्ये, आणि २०१३ च्या पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक नव्हता, तर पहिल्या चार नावांपैकी तीन टॅकलची होती. याउलट काउबॉइजचे भागीदार माइक मकॉय यांनी १९९१ मध्ये संघांनी आपसांत केलेल्या पाळ्यांच्या जुन्या सौद्यांवरून जो प्रसिद्ध तक्ता बनवला, त्यात पहिल्या पाळीला ३००० आणि दुसरीला २६०० गुण होते, पण जागेचा उल्लेखही नव्हता. हा तक्ता पाळीची किंमत सांगे, माणसाची नव्हे, आणि तरी तो वर्षानुवर्षे सर्वांच्या टेबलावर राहिला.

संगणकीय खेळांनी हा सगळा वारसा उचलला. जिम गिंडिन यांचा फ्रंट ऑफिस फुटबॉल १९९८ मध्ये आला, ज्यात चित्रांचा झगमगाट नव्हता, फक्त तक्ते आणि पट्ट्या होत्या. एक पट्टी खेळाडूची आजची पात्रता दाखवे, दुसरी संभाव्य. मॅडन एनएफएल या लोकप्रिय मालिकेतही त्याच वर्षी अनेक हंगाम संघ चालवण्याची सोय आली. तिथे प्रत्येक खेळाडूची एकूण पात्रता जागेनुसार निराळ्या भारांकांनी काढली जाते, त्यामुळे तोच खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेला की त्याचे गुण तत्काळ बदलतात. कुरेशी आणि ब्रँट यांना जे सूत्र चाचपडत शोधावे लागले, ते इथे आधीच लिहिलेले असते. महत्त्वाचा फरक हाच आहे. संगणकीय खेळात प्रत्येक नवख्या खेळाडूला एक खरा, लपवलेला अंक असतो आणि स्काउटिंग म्हणजे त्या अंकावरचे धुके कमी करणे. प्रत्यक्षात असा अंक कुठेही नसतो, कारण मँडरिच किंवा ब्रेडी पुढे काय झाले हे त्यांच्या प्रशिक्षकांवर, संघावर आणि दुखापतींवरही अवलंबून होते. म्हणून संगणकीय खेळाचा मुरलेला वापरकर्ता फार लवकर हिशेबी होतो: कोणत्या जागेवर कोणती चाचणी भाकीत करते आणि कोणत्या जागेवर ती निव्वळ शोभेची आहे, हे तो शेकडो काल्पनिक ड्राफ्ट चालवून शोधून काढतो. असे शेकडो हंगाम कोणत्याही खऱ्या संघाला मिळत नाहीत.

या खेळांतील उमेदवार दीर्घकाळ काल्पनिक राहिले, कारण महाविद्यालयीन खेळाडू हौशी समजले जात आणि त्यांचे नाव विकण्यास मनाई होती. हे बंधन २०२१ मध्ये सैल झाल्यावर २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉल २५ हा खेळ खऱ्या नावांसह बाजारात आला, आणि त्यातील खेळाडूंचा वर्ग मॅडनच्या ड्राफ्टमध्ये नेण्याची सोय झाली. त्यामुळे एखाद्या विशीतल्या टॅकलच्या नावापुढे कोणत्याही व्यावसायिक संघाचा निर्णय जाहीर होण्याआधीच एक अंक छापलेला असतो, आणि तो अंक ज्या भारांकांनी बनला ते ठरवणारे लोक संघांचे नव्हे, तर खेळ बनवणाऱ्या कंपनीचे नोकर असतात.