मनीऑर्डरच्या उलट दिशेने

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या कुपनांचा एक गठ्ठा सापडला. आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. पुढे वडीलही तिथेच लागले. मी कुपने तारखेवार लावली, रकमांची बेरीज केली आणि गुहागर तालुक्यातले आमचे घर मुंबईच्या पैशावर कसे उभे राहिले याचे टिपण लिहिले. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तिथून आलेलं सगळं मांडलंस. हितून गेलेलं कुठं आहे?"

तिथून मला सगळा विषय नव्याने पाहावा लागला.

मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली स्थापन झाली आणि दोन वर्षांत सूत काढू लागली. रत्नागिरी जिल्ह्यात जमीन कातळाची, पीक एका पावसाळ्याचे आणि त्यातही खोताचा वाटा. दाभोळसारख्या बंदरातून बोटीने मुंबई गाठता येई. पुरुष निघाले, बायका राहिल्या. 1921 च्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या; रत्नागिरीत मात्र त्या हजाराच्या बऱ्याच वर होत्या. हे आकडे वेगवेगळ्या पानांवर छापले जात, पण कुटुंब एकच होते. त्याची दोन टोके दोन ठिकाणी मोजली जात होती.

गिरणीचा पगार घर चालवण्याइतका नव्हताच. गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी आणि जेवायला खानावळ, एवढेच त्यात भागे. मुलांना वाढवणे, म्हाताऱ्यांना सांभाळणे, आजारी पडून परतलेल्या गड्याला पुन्हा उभे करणे, हा सारा खर्च गावच्या शेतावर पडे. ते शेत बायका करत. मे महिन्यात आलेला चाकरमानी परत जाताना तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले घेऊन जाई. मनीऑर्डरवर टपालाचा शिक्का असे. या बोचक्यांची पावती कुणी फाडली नाही. म्हणून इतिहासात पैसा उरला आणि तांदूळ गेला. गिरणीमालकाला मजूर स्वस्त पडला, त्यातला मोठा वाटा भातखाचरांनी उचलला होता, असे आज मला वाटते.

संकटात हे उघड होई. 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा कामगारांनी गावची वाट धरली. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हाही हजारो जण गावाकडे परतले. आमच्या गठ्ठ्यातले शेवटचे कुपन त्याच महिन्यातले आहे. मी तेव्हा सातवीत होतो. वडील घरी आले आणि ओटीवर गप्प बसून राहू लागले. त्या वर्षी आम्ही आईने लावलेला भात खाल्ला. संपाचा इतिहास लिहिताना सभा, मोर्चे, पुढारी येतात. संपकऱ्यांना महिनोन्‌महिने जेवू कुणी घातले, हेही त्यात यायला हवे.

आता तो आधारही आटतो आहे. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 भरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा घटला. हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण 1136 वरून 1122 वर आले. राज्याच्या 929 पुढे ते अजूनही मोठे आहे. पण पूर्वी एकटा पुरुष जाई, आता बिऱ्हाडच जाते. आमच्या वाडीत गणपतीपुरती कुलुपे निघणारी घरे दरवर्षी वाढत आहेत. त्यांत आमचेही आहे. आई माझ्याकडे डोंबिवलीत असते आणि खाचरात गवत आहे.

जुन्या टिपणाशेजारी मी दुसरी वही केली आहे. आई सांगते, मी लिहितो: कुठल्या साली किती मण तांदूळ गेला, कुणाच्या हाती गेला, लावणीला कोण कोण होत्या, आजीने कुठल्या पावसाळ्यात एकटीने नांगर धरला. तिला साल आठवत नाही. कुठले मूल तेव्हा पोटात होते ते आठवते. त्यावरून मी साल काढतो.

वहीची बावीस पाने भरली आहेत. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. ज्यांच्या घरी अशी कुपने असतील, त्यांनी त्यांची बेरीज करण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारून घ्यावे.