मामाचा स्वेटर आणि कॉलेजचं क्रिकेट

मिशिगनला शिकणारा माझा भाचा फुटबॉलचा वेडा आहे. आपला नव्हे, त्यांचा, लांबुळक्या चेंडूचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे सगळ्या चालींचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. भाच्याचं दैवत टॉम ब्रेडी. हा ब्रेडी १९९५ साली मिशिगन विद्यापीठात आला आणि सुरुवातीचे सीझन त्याने बहुतेक बाकावर बसून काढले. नियमित खेळला तो शेवटची दोन वर्षं, १९९८ आणि १९९९. नंतर २००० साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याचा नंबर लागला १९९वा! पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. भाच्याने मला विचारलं, "मामा, आपल्याकडे आहे का रे अशी कॉलेजातल्या खेळाडूची गोष्ट?"

आहे ना. एक सोडून तीन आहेत. पण त्यांच्या कॉलेजच्या मॅचना एक लाख माणसांचं स्टेडियम भरत नसे, एवढाच काय तो फरक. म्हणून हा पोस्टप्रपंच.

आपल्याकडे विद्यापीठांच्या क्रिकेटची रोहिंटन बारिया ट्रॉफी १९३५-३६ साली सुरू झाली. मुंबईच्या बारिया नावाच्या पारशी गृहस्थांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ हा करंडक दिला. आज हे नाव कुणाला फारसं आठवत नाही, पण एके काळी रणजीत शिरायचा मोठा दरवाजा तो होता. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई याच दारातून आले. १९५९-६० च्या मोसमात त्यांनी या स्पर्धेत ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या आणि त्या जोरावर पुण्याला पाकिस्तानच्या पाहुण्या संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांच्या संघातून खेळले. अजित वाडेकरही विद्यापीठातूनच आले. वडिलांना वाटत होतं पोराने गणित करून इंजिनियर व्हावं. पोराने ३२४ धावांचा डोंगर रचून वेगळंच गणित मांडलं.

आणि तिसरा? तिसरा सेंट झेवियर्सचा. ताडदेवच्या चिखलवाडीत वाढलेला सुनील गावसकर.

आता आपल्याला वाटतं की गावसकर म्हणजे पहिल्या दिवसापासून गावसकरच! तसं नव्हतं हो. शाळेत असताना त्याने द्विशतकं ठोकली, १९६६ साली देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला, हे खरं. १९६६-६७ मध्ये वझीर सुलतान कोल्ट्सकडून पहिला प्रथम श्रेणी सामनाही खेळला. पण मुंबईच्या संघात जागा मिळणं ही भलतीच गोष्ट होती. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली. त्या संघात कोणाला बसवायचं आणि याला कुठे घुसवायचं? पोरगा संघाबरोबर असायचा, पण अकरात नसायचा. दोन वर्षं अशीच गेली.

शेवटी संधी मिळाली. म्हैसूरविरुद्ध रणजीतला पहिला सामना. धावा किती? शून्य!

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. कारण मुंबईच्या निवड समितीवर होते माधव मंत्री. भारताचे माजी यष्टिरक्षक, चार कसोट्या खेळलेले, दादर युनियनचे शिस्तीचे आधारस्तंभ आणि सुनीलच्या आईचे सख्खे भाऊ. म्हणजे मामाच की. लोक काय बोलले असतील ते मी सांगायला नको. आपण सगळे असंच बोलतो. "मामा सिलेक्टर आहे म्हणून घेतला." हे वाक्य वीस वर्षांच्या मुलाच्या कानावर किती जोरात आदळत असेल!

ज्यांनी हे म्हटलं त्यांना मामा-भाच्याची आधीची हकिकत ठाऊक नसावी. लहानपणी सुनील मामाकडे गेला की भारताच्या संघाचे स्वेटर बघायचा. एकदा त्याने विचारलं, यातला एक मी घेऊ का? मामाने सांगितलं की हे असं कोणी देत नसतं, घाम गाळून मिळवावं लागतं. घरातल्या भाच्याला लोकरीचा एक स्वेटर न देणारा माणूस संघातली जागा आंदण देईल, हे मला तरी पटत नाही. पण नुसतं पटून भागत नाही. अशा आरोपाला तोंडाने उत्तर देता येत नाही. पुढच्या सामन्यात राजस्थानविरुद्ध ११४ धावा झाल्या आणि तोंडं जरा मिटली.

विद्यापीठात तर त्याने कहरच केला. १९७० साली गुजरात विद्यापीठाविरुद्ध ३२७. म्हणजे वाडेकरांच्या ३२४ ला तीन धावांनी मागे टाकलं. आणि गंमत बघा, काही महिन्यांनी १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर हा मुलगा निघाला, तेव्हा कप्तान कोण? वाडेकर! संघात सरदेसाईही होतेच. बारिया ट्रॉफीचे तीन विद्यार्थी एकाच विमानात.

पहिली कसोटी बोटाला झालेल्या जंतुसंसर्गामुळे हुकली. पुन्हा बाकावर. दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, ६५ आणि नाबाद ६७, आणि भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदाच हरवलं. मग गयानात शतक, बार्बाडोसला शतक आणि शेवटच्या कसोटीत ठणकणारी दाढ घेऊन १२४ आणि २२०. चार कसोट्यांत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. वय २१. त्याच मालिकेत सरदेसाईंच्या ६४२. मालिका आपण जिंकली ती १-० अशी.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच संघात एकनाथ सोलकर होता. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा मुलगा, तिथल्याच एका खोलीत वाढलेला. शाळकरी वयात लंडनच्या मुलांविरुद्ध भारतीय शाळांचा कप्तान हाच होता आणि गावसकर त्याच्या हाताखाली खेळला होता. त्याला ना झेवियर्स होतं, ना कसोटीपटू मामा. मामा असल्याने धावा मिळत नाहीत, पण क्रिकेटच्या वातावरणातलं घर मिळतं आणि ते काही कमी नसतं. गावसकरच्या बाजूने बोलताना हे विसरू नये.

हे सगळं मी का उगाळतोय? कारण आमच्या देवनारमधून रोज सकाळी पाठीवर किटबॅग अडकवलेली पोरं गोवंडीची हार्बर पकडून आझाद मैदानाकडे जाताना दिसतात. त्यात माझी लेकही आहे. कॉलेजच्या संघात दोन वर्षं आहे, पण अजून खेळली आहे फक्त चार सामने. बाकी वेळ पाणी नेणं आणि स्कोअर लिहिणं. घरात मोठी मंडळी (हे वाचणाऱ्यांपैकीही काही!) विचारतात की यातून पुढे काय? प्रश्न चुकीचा नाही. आता निवड करणाऱ्यांचं लक्ष वयोगटांच्या स्पर्धांवर असतं, कॉलेजचं क्रिकेट मागे पडलंय आणि बाकावरून सगळेच गावसकर होत नाहीत. बहुतेक जण होत नाहीत.

पण म्हणून ती दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. बाकावर बसलेल्या माणसाला खेळ जास्त दिसतो, असं मला वाटतं. कोणता गोलंदाज दमलाय, कोणता कप्तान घाबरलाय, हे आतल्यापेक्षा बाहेरच्याला आधी कळतं. ब्रेडीलाही तेच कळलं असावं, गावसकरलाही.

माधव मंत्री २०१४ साली, ९२ व्या वर्षी गेले. त्यांनी एक स्वेटर दिला असता तर भाच्याकडे एक स्वेटर आला असता. दिला नाही, म्हणून भाच्याने स्वतःच्या मापाचे १२५ कसोट्यांपुरते मिळवले. लेकीला मी तरी अजून थांब एवढंच सांगतो. पुढचं तिचं तिने मिळवायचं.