सरदेसाई–सरकार पत्रव्यवहार

सरदेसाई–सरकार पत्रव्यवहार : रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (1865–1959) व सर जदुनाथ सरकार (1870–1958) या दोन इतिहासकारांत सुमारे अर्धशतक चाललेला विचारविनिमय. पत्रे इंग्रजीत असून त्यांचे महत्त्व चालू संशोधनाच्या चर्चेत आहे. नव्याने हाती आलेला कागद, न जुळणारी तिथी, अद्याप न छापलेले लेखन यांविषयी दोघे एकमेकांना विचारीत.

बडोदे संस्थानातील प्रदीर्घ सेवेनंतर सरदेसाई मावळ तालुक्यातील कामशेत येथे स्थायिक झाले. इंद्रायणीच्या खोऱ्यातील या गावी ना विद्यापीठ होते, ना मोठे ग्रंथालय. मात्र मुंबई–पुणे लोहमार्गामुळे पुण्याचे पेशवे दफ्तर जवळ होते आणि टपाल नियमित येई. सरकार दूर बंगालमधून पत्रे लिहीत व अनेकदा कामशेतला येऊन राहत. सीतामऊचे रघुवीरसिंह हेही या वर्तुळातील होते.

या सहकार्याचे मूळ साधनांच्या स्वरूपातच होते. पेशवाईतील पुष्कळ पत्रांवर मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा असतो, वर्ष नसते. असे पत्र कोणत्या साली बसवावयाचे, हे मजकुरातील घटना अन्य पुराव्याशी ताडूनच ठरते. आणि उत्तर हिंदुस्थानातील घटनांबाबत हा पुरावा बहुधा फार्सी अखबारांत व तवारिखांत सापडतो. सरकारांचे प्रभुत्व फार्सी साधनांवर, तर सरदेसायांचे मराठी साधनांवर. एक वर्ष चुकले, तर मोहिमेचे कारण हे तिचे परिणाम ठरू शकते. म्हणून छपाईपूर्वीच्या या शंका क्षुल्लक मानता येत नाहीत. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड (1930–34) आणि दोघांनी मिळून हाती घेतलेली पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराची माला ही या काळातील मोठी कामे होत. मालेचा महादजी शिंद्यांविषयीचा पहिला खंड सरकारांनी 1936 मध्ये संपादिला.

मतैक्य मात्र सर्वत्र झाले नाही. महाराष्ट्रधर्माची प्रेरणा सरदेसाई यांना मराठी सत्तेच्या मुळाशी दिसे. सरकारांच्या मते त्या राज्यातील लोकांचे ऐक्य कृत्रिम होते. *न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज* (3 खंड, 1946–48) या ग्रंथातही सरदेसाई यांनी आपली भूमिका सोडलेली नाही. मित्राची टीका ऐकूनही स्वमत राखण्याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

या मैत्रीला दुसरी बाजूही आहे. दफ्तर सामान्य संशोधकांस खुले नसता त्यातील निवडीचे काम सरदेसाई यांच्याकडे आले, आणि त्यामागे सरकारांचे वजन होते. पुण्यातील अभ्यासकांत याविषयी तीव्र नाराजी होती. 1910 मध्ये वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सभेपुढे कागद व टिपणे वाचण्याची प्रथा होती. तेथे आक्षेप चारचौघांत घेतला जाई. कामशेतची चर्चा अधिक सखोल असली, तरी ती निवडक मित्रांपुरती राहिली. मंडळातील अभ्यासकांचा रोष केवळ मत्सरातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

सरकारांची सरदेसाई यांना लिहिलेली पत्रे पंजाब विद्यापीठाने काढलेल्या, हरिराम गुप्ता यांनी संपादिलेल्या गौरवग्रंथात प्रसिद्ध झाली आहेत. सरकारांचे 1958 मध्ये, तर सरदेसाई यांचे पुढील वर्षी कामशेत येथे निधन झाले.