सहीपर्यंतचे ३२६ तास

गुरुवार, १२ जून १९७५, सकाळी १०. सुमारे ३२६ तास बाकी

मृग लागून चार-पाच दिवस झालेत. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे सहा तालुके अजून धुळे जिल्ह्यात आहेत; स्वतंत्र नंदुरबार जिल्हा व्हायला २३ वर्षं अवकाश आहे. इथल्या माणसाचे डोळे आभाळाकडे लागलेत.

तिकडे अलाहाबाद उच्च न्यायालयात न्या. जगमोहनलाल सिन्हा निकाल वाचतात. १९७१ साली रायबरेलीत इंदिरा गांधींनी राजनारायण यांना १ लाख ११ हजार ८१० मतांनी हरवलं होतं. ती निवड रद्द होते आणि सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी येते.

सिद्ध काय झालं, ते नीट पाहायला हवं. घोंगड्या-धोतरं वाटल्याचे, दारू पाजल्याचे, मतदारांना गाड्यांतून नेल्याचे आरोप टिकले नाहीत. काँग्रेसचं गाय-वासरू हे धार्मिक चिन्ह आहे, हा आक्षेपही टिकला नाही. टिकल्या त्या दोनच गोष्टी. यशपाल कपूर यांचा सरकारी नोकरीचा राजीनामा मंजूर होण्याआधीच त्यांची निवडणुकीच्या कामात मदत घेतली, ही एक. उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांकडून सभेची व्यासपीठं उभारून घेतली, लाउडस्पीकरसाठी वीज घेतली, ही दुसरी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) प्रमाणे हा भ्रष्टाचार ठरतो.

लाकडी फळ्यांचं एक व्यासपीठ आणि एका अधिकाऱ्याच्या राजीनाम्याची तारीख. एवढ्यावरून देशाचा पंतप्रधान जावा का, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी मनापासून विचारला. माझं उत्तर असं की कायदा असाच असायला हवा. गावच्या सरपंचाला जो नियम, तोच पंतप्रधानाला. खुद्द इंदिराजींनीही तो नियम आधी पाळला होता. मार्चमध्ये त्या याच न्यायालयात साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. त्याआधी, १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक वादात सापडली, तेव्हा पदावर असलेले राष्ट्रपती वि. वि. गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यायला गेले होते. त्या निवडणुकीत नीलम संजीव रेड्डी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं निनावी पत्रक खासदारांमध्ये फिरलं होतं. राष्ट्रपतींनी प्रश्नांना उत्तरं दिली आणि न्यायालयानं त्यांची निवड कायम ठेवली. म्हणजे वाट मळलेली होती.

१२ जून, रात्र. सुमारे ३१४ तास बाकी

नवापूर स्टेशनच्या फलाटातून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. फलाटाच्या एका टोकाला उभं राहावं तर गुजरात, चार पावलं चालावं तर महाराष्ट्र. आज ही हद्द दोन राजकारणांमधली रेघ झाली आहे. पलीकडे विधानसभेच्या मतमोजणीत काँग्रेस मागे पडते आहे, विरोधकांचा जनता मोर्चा पुढे सरकतो आहे. सहा दिवसांनी बाबुभाई पटेल मुख्यमंत्री होतील.

अलीकडे मात्र इंदिरा गांधींवर लोकांचा जीव आहे. काँग्रेसच्या प्रचाराचा नारळ नंदुरबारला फोडायची प्रथा त्यांच्याच नावाशी जोडली जाते. या जिव्हाळ्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. शहाद्याच्या पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेनं त्या परत मिळाव्यात म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठा लढा उभारला होता. ज्याची जमीन गेली, त्याच्या लेखी गरिबी हटवायचं वचन देणारी बाई निवडणूक खटल्यापेक्षा मोठी होती. त्यानं तिचं चारित्र्य आपल्या भाकरीवरून जोखलं, आणि तो हक्क त्याचाच होता.

शुक्रवार, २० जून. पाच दिवस बाकी

दिल्लीत एक सफदरजंग रोड या पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर आठवडाभर बस आणि ट्रक भरभरून माणसं आणली जात आहेत. आज बोट क्लबवर प्रचंड सभा. ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ हे काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ यांचं समीकरण. विरोधक राजीनामा मागत आहेत.

राजीनाम्याची वाट खुली होती. न्या. सिन्हांनीच वीस दिवसांची मुदत दिली होती. अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे कारभार सोपवता आला असता.

मंगळवार, २४ जून. दीड दिवस बाकी

आर्द्रा लागल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे सुट्टीतले न्यायाधीश व्ही. आर. कृष्ण अय्यर सशर्त स्थगिती देतात. इंदिराजींकडून नानी पालखीवाला, राजनारायण यांच्याकडून शांती भूषण. आदेश असा : पंतप्रधानपदावर राहता येईल, संसदेत बोलता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही, खासदाराचं वेतनही घेता येणार नाही.

न्यायालयानं दार बंद केलेलं नव्हतं. धीर धरला असता, तरी पुरलं असतं.

बुधवार, २५ जून, सायंकाळी साडेपाच. सहा तास बाकी

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांना सकाळीच बोलावून घेतलेलं आहे. आता इंदिराजी त्यांना घेऊन राष्ट्रपती भवनात जातात. बोलणं राज्यघटनेच्या ३५२व्या कलमावर : अंतर्गत अशांततेच्या कारणानं आणीबाणी.

सायंकाळ. पाचेक तास बाकी

रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण बोलत आहेत. बेकायदा हुकूम पाळू नका, असं ते पोलीस आणि लष्कराला सांगतात. लोकसंघर्ष समिती जाहीर होते. अध्यक्ष मोरारजी देसाई, सचिव मराठवाड्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख. जयप्रकाशांचं आवाहन धोक्याचं होतं, असं मानणारे तेव्हाही होते. पण भाषणाला उत्तर भाषणानं देता येतं.

रात्री साडेदहाच्या सुमारास. सव्वा तास बाकी

गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना आता कळतं. मंत्रिमंडळाला अजून पत्ताच नाही. राष्ट्रपतींना गेलेल्या पत्रात पंतप्रधान लिहितात की मंत्रिमंडळाची बैठक घ्यायला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही.

रात्री पावणेबारा. शून्य

राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद आणीबाणीच्या घोषणेवर सही करतात.

गुरुवार, २६ जून, पहाट

बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज गेली आहे. यंत्रं थांबली आहेत. तीनच्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठानात जयप्रकाशांना उठवून ताब्यात घेतलं जातं. सहा वाजता मंत्रिमंडळ बसतं. सही होऊन सहा तास उलटले आहेत. एकटे स्वर्ण सिंग प्रश्न विचारतात.

सकाळी आठच्या सुमारास

आकाशवाणीवर पंतप्रधानांचा आवाज. आणीबाणी जाहीर झाली आहे, घाबरण्याचं कारण नाही.

नंदुरबारला हा आवाज ओळखीचा होता आणि आणीबाणीचा अर्थही परका नव्हता. ९ सप्टेंबर १९४२ला याच गावात तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीनं पडला होता, त्याच्यासोबत आणखी चौघं. मिरवणूक काढायचा, घोषणा द्यायचा हक्क या गावानं पोरांच्या रक्तानं मिळवला होता. तोच हक्क एका रात्रीत कागदावरून पुसला गेला.

त्यानंतर

ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधानाची निवड न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेली, राष्ट्रपतीचीही. जिथे गिरी आणि स्वतः इंदिराजी साक्षीला उभे राहिले होते, ती जागाच काढून टाकायचा हा प्रयत्न होता. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे इंदिराजींची निवड वैध ठरवली. पण खटलाच संपवून टाकणारं कलम रद्द केलं. त्या खंडपीठावर पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. नंतर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या मोजणीनुसार त्या काळात १ लाख १० हजारांहून जास्त माणसं डांबली गेली.

खटल्यात सिद्ध झालेला गुन्हा एका व्यासपीठाएवढा होता. निकाल लागल्यापासून सही होईपर्यंतच्या ३२६ तासांत जे घडलं, त्यानं इंदिराजींची खरी पारख झाली. उमेदवार विजयाच्या मिरवणुकीत ओळखू येत नाही. विरुद्ध निकालाचा कागद हातात घेऊन तो काय करतो, तिथे ओळखू येतो.

मार्च १९७७मध्ये रायबरेलीनं इंदिराजींना ५५ हजारांवर मतांनी पाडलं आणि दोन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. तो त्यांनी दिला, ही नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. महाराष्ट्रातही ४८ पैकी २८ जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. नंदुरबारनं मात्र गाय-वासरावरच शिक्का मारला आणि काँग्रेसचे सुरूपसिंग नाईक निवडून आले.

एवढं प्रेम करणारी माणसं पाठीशी होती. १२ जूनच्या दुपारी राजीनामा देऊन इंदिराजी या माणसांकडे आल्या असत्या, तर सातपुड्याच्या पायथ्यानं त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं नसतं.