माजलगावातली जपानी सर्कस

नव्वदच्या दशकात माजलगावात टीव्ही-टेप दुरुस्त करणाऱ्याला व्हिडिओ गेमचा जोडधंदा आपसूक चिकटायचा. मलाही चिकटला. एक जुना टीव्ही, त्याखाली 'समुराई' नावाचा गेमचा डबा, दोन रिमोट, तासाला पाच रुपये.

मूळ माल जपानी. क्योटोत १८८९ साली पत्ते छापायला निघालेल्या निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हा गेमचा डबा बाजारात आणला. आमच्याकडे पोचल्या त्या त्याच्या नकला. कॅसेटवर '९९९९ इन १' असा दिमाख, आत तेच मूठभर गेम नावं बदलून फिरायचे. मारिओ, कॉन्ट्रा होतेच; पण लहान पोरं यायची ती 'सर्कस' मागत.

हा कोनामीचा 'सर्कस चार्ली', १९८४ चा. विदूषक सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उड्या मारतो. मग तारेवरची कसरत, समोरून माकडं. पुढे गोळे, घोडा, शेवटी झोके. लहान कड्यात पैशाची पिशवी टांगलेली. तिच्या नादात कितीतरी पोरांनी जान घालवली. इंग्रजी वाचता येत नसलं तरी अडत नव्हतं. सिंहही ओळखीचा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस उभी केली तेव्हापासून महाराष्ट्राला तंबूचं वेड. गंमत बघा, १९९८ मध्ये सरकारने सर्कशीतल्या वाघ-सिंह-माकडांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली; माझ्याकडे मात्र सिंह रोज कड्यातून जात होता.

गेममध्ये खोट बरीच होती. पाचवी स्टेज पार केली की पुन्हा पहिलीच, फक्त जास्त अवघड. शेवट नाहीच. दोघं खेळायला बसले तर एक मरेपर्यंत दुसरा नुसता ताटकळतो, आणि तास दोघांचा चालू. त्यावरून भांडणं माझ्यासमोर. खेळ कुठवर आला हे डबा लक्षात ठेवत नसे. लोडशेडिंग झालं की सगळं मुसळ केरात. चित्र फाटलं की पोरं कॅसेटीत फुंकर मारायची. तोंडाच्या वाफेने पिना काळ्या पडतात, हे सांगून थकलो. खोडरबराने पट्टी घासली, स्पिरिटचा बोळा फिरवला की चित्र लख्ख.

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की दुकान ओस. पोरंही आई-बापाबरोबर फडात. परत आली की पहिल्या कड्यापासून सुरुवात.

गेमची खोट तीच आमची कमाई होती. आता भाचा फोनवर खेळतो, वाटेल तिथे सोडतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच धरतो. तशी सोय तेव्हा असती तर माझा निम्मा गल्ला बुडाला असता.